गवतातली रेघ

निवृत्त नर्सबाईंनी पहिलं चित्र शेजारच्या मांजराचं काढलं, तेव्हा नवरा म्हणाला होता, "छान आहे, पण बटाट्याला कान कशाला काढलेस?"

बाई हटल्या नाहीत. चार वर्षांत त्यांनी गल्लीतली एकूण एक कुत्री-मांजरं रंगवली. हल्ली तर चित्रातले डोळे पाहून मालक चित्रालाच हाक मारायचे.

मग त्या उघड्यावर निसर्गचित्रं काढायला लागल्या. आज सकाळपासून माळावर बसून त्यांनी नुसतं गवत रंगवलं. दुपारी नवरा चहा घेऊन आला आणि चित्रापुढे थबकला.

"अगं, जमलं की! यात वारा दिसतोय."

त्याची ही पहिली दाद. बाईंना भरून आलं. डोळे पुसत त्यांनी माळाकडे पाहिलं. वारा पूर्ण पडला होता, एक पातंही हलत नव्हतं.

चित्रातलं गवत मात्र हलत होतं. लांबून एक रेघ गवत दुभंगत पुढे येत होती, कुत्रं मालकाकडे धावत येतं तशी.

"मागे हो," नवरा कुजबुजला.

बाई हसल्या. ब्रश ठेवून त्या गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी दोन्ही हात पसरले.

"ये बाळा, ये."

ओल्या रंगाला आतून कुणीतरी नाक टेकवलं.