फुकटचं वायफाय

शेजारी फुकटात वायफाय वापरतात म्हणून निरंजन दामलेंनी राउटरची सेटिंग्ज बदलली आणि राउटरच बंद पडला. तेव्हापासून त्यांचे वडील, अप्पा, तोंडात घास धरून नुसतेच बसले होते. त्यांची स्मरणशक्ती त्याच राउटरवरून चालायची.

"एवढे शिकलेले तुम्ही, आणि बॅकअप घेतला नाहीत?" दुरुस्तीला आलेल्या शेलारबाईंनी बांगडीतली सेफ्टी पिन काढली आणि रीसेटच्या भोकात दाबून धरली. "आता राउटर बसवला त्या दिवसापर्यंतचंच आठवेल. नंतरची तीन वर्षं गेली."

दिवा हिरवा झाला. अप्पांनी घास गिळला. "निरंजन, तुझी आई जेवली का रे?"

दामलेंनी आईच्या हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं, मग शेलारबाईंकडे.

"माझ्याकडे काय बघता?" पिन परत बांगडीत अडकवत त्या म्हणाल्या. "सांगा त्यांना, शेजाऱ्यांचं वायफाय बंद केलंत म्हणून."