उसनी छाती

"चालत आलात?" कंपनीच्या डॉक्टर मंजुषा मॅडम खुर्चीतून अर्ध्या उठल्या होत्या.

"मग काय, भट्टीपासून हितवर यष्टी लागती का मॅडम?" बाळाजी हसून म्हणाला.

"बसा. उठू नका, हलू नका." मॅडमनी टेबलावरचा कागद त्याच्याकडं फिरवला. वर त्याचं नाव, वय अठ्ठेचाळीस, ठेकेदाराचं नाव, आणि खाली त्या वेड्यावाकड्या रेघा. "हा तुमचा परवाचा ईसीजी. लॅबनं आत्ता पाठवलाय. दोन दिवस दाबून ठेवला, काय म्हणावं या लोकांना! तुम्हाला एक ॲटॅक येऊन गेलाय. आणि हृदयाला अजूनही रक्त पुरत नाहीये."

झालं! सापडलो, बाळाजीच्या मनात आलं.

कारण ॲटॅक त्याला आला होताच. गेल्या आखाडात. घरच्यांनी गुपचूप लांबच्या दवाखान्यात नेलं, स्टेंट टाकून आणला आणि कंपनीत सांगितलं, कावीळ झालीय. हृदयाचा पेशंट भट्टीवर चालत नाही. ठेकेदार सरळ गेटपास काढून घेतो आणि दुसऱ्या दिवशी त्या जागी दुसरा माणूस उभा करतो. तेव्हापासून वर्षभर बाळाजी चोरासारखा जगत होता. गोळ्या मोज्यात लपवायच्या. जिन्यात दम लागला की वाकून बुटाची नाडी बांधत बसायचं. कुणी वडापाव पुढं केला की पित्ताचं नाव सांगायचं. भट्टीची धग परवडली, पण या नाटकानं तो पार पिचून गेला होता.

त्यात ही वार्षिक तपासणी आली. आता ईसीजीला कोण फसवणार? तेव्हा धाकटा भाऊ रोहिदासच म्हणाला होता, "आण तुजं आधार कार्ड हिकडं. मी जाऊन झोपतो लॅबमधी. नाकडोळा एकच हाय आपला, वर मास्क लावतो. कोण बगतंय रं दादा!"

रोहिदास म्हणजे धडधाकट गडी. अजून चाळिशी गाठायची होती. निघोज्याच्या एका गोडाऊनमध्ये दिवसभर पेट्या उतरवायचा. आजारपण म्हणून माहीत नाही. नाही म्हणायला महिनाभर एक दाढ तेवढी छळत होती. ती काढून आला, तरी ठणका काही थांबेना. गाडी उतरवायला लागला की जबडा धरून बसायचा आणि वर सगळ्यांना हसवायचा, "डॉक्टरनं शेजारणीची दाढ उपटली राव!"

मग हे झालं कसं? बाळाजीला रोहिदासचा भयंकर राग आला. हा गडी स्वतः लॅबमध्ये गेलाच नसणार, भलत्याच कुणाला तरी झोपवून आला असणार. एवढं एक काम सांगितलं, तेही धड नाही. आता घरी बायकोला, सारजाबाईला, काय तोंड दाखवायचं? पोरीची फी आहे, आपल्याच गोळ्या आहेत. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी नवी नोकरी कोण देतंय?

मॅडमना त्याचा पडलेला चेहरा दिसला. त्यांचा आवाज मऊ झाला. "हे बघा, घाबरू नका. ठेकेदाराशी मी बोलते. तुमचा गेटपास कुणी काढून घेणार नाही, माझा शब्द. आधी उपचार होऊ द्या, मग पॅकिंगला बसून काम करा. उलट वेळेत कळलं ते बरंच झालं."

बाळाजी बघतच राहिला. पॅकिंग! डोक्यावर पंखा, बसायला स्टूल, आणि लपवाछपवी कायमची बंद. त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. आता फक्त मान हलवायची होती, आणि त्यानं ती हलवलीही.

"ॲम्ब्युलन्स गेटवरच उभी असते, बोलावलीय. तोवर पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही, जिवाशी खेळ होईल. आणि खरं सांगा, छातीत कधी दुखलं नाही?"

"न्हाई," तो सवयीनं म्हणाला.

"होतं असं. सगळ्यांच्याच छातीत दुखतं असं नाही. कुणाचा खांदा भरून येतो, कुणाची पाठ. काहींचा तर ओझं उचललं की जबडा दुखतो. माणसं बिचारी दात काढून घेतात..."

बाळाजीला रोहिदासची दाढ आठवली. म्हणजे रोहिदास लॅबमध्ये गेला होता. सांगितल्याप्रमाणे गेला होता, दादाच्या नावानं झोपला होता. आणि आपण त्याच्यावर चिडत बसलो!

त्यानं मोबाइल काढून रोहिदासला लावला. नुसती रिंग वाजत राहिली. शिफ्ट सुरू झाली की गोडाऊनमध्ये सगळ्यांचे मोबाइल गेटवर जमा करतात, हे त्याला माहीत होतं. तरी त्यानं पुन्हा लावला. भिंतीवरच्या घड्याळात पावणेअकरा झाले होते. अकराला तिथं मोठा कंटेनर लागतो आणि रोहिदास सगळ्यांच्या आधी आत चढतो.

दारात ॲम्ब्युलन्स येऊन थांबली. दोघं जण स्ट्रेचर घेऊन आत आले. मॅडमनी बाळाजीच्या दंडाला धरलं.

बाळाजीनं दंड सोडवून घेतला. गळ्यातला गेटपास काढला आणि टेबलावर त्या कागदाशेजारी ठेवला.

"गाडी निघोज्याच्या गोडाऊनला पळवा मॅडम," तो म्हणाला. "ही छाती माज्या धाकट्या भावाची हाय, आन् त्यो आत्ता पेट्या उचलतोय."