फरशीवरचा फोन

"डावीकडं कामाचा ताण काढा, उजवीकडं आनंद," चित्रकलेच्या बाईंनी सांगितलं आणि रंगीत खडूंचा डबा टेबलावर उपडा केला. रुग्णवाहिकेच्या कंट्रोल रूममध्ये फोन घेणारी निम्मी माणसं आज या खोलीत होती, निम्मी शेजारी फोनवर.

ताईनं शाळा सुटल्यापासून खडू हातात धरला नव्हता. सगळे तिला ताईच म्हणत, साहेबसुद्धा. तिनं डावीकडं एक कान काढला, कागदाबाहेर जाईल एवढा. उजवीकडं फरशीवर पालथा पडलेला मोबाइल, आणि त्याच्यामागं सताड उघडं दार.

साहेब मागं हात बांधून सगळ्यांचे कागद बघत फिरत होते. तिच्यापाशी थबकले. गेल्या आठवड्यात एका तान्ह्या बाळाचा फोन तिच्या वाट्याला आला होता. बाळ वाचलं नाही. पुढचा फोन तिनं लगेच उचलला, पण तोंडातून शब्द फुटेना. तेव्हापासून साहेब तिच्याशी बोलायचं आज-उद्या करत होते.

"फोन आपटलेला दिसतोय," ते हळूच म्हणाले. "थकलात ना, ताई? भांडारात जागा आहे. तिथं फोन नाही."

"आपटलेला नाही, साहेब. तो माझा आनंद आहे."

साहेबांना कळेना.

"रुग्णवाहिका पोचेपर्यंत छाती कशी दाबायची ते मी फोनवर सांगत असते. मग दार वाजतं. कुणीतरी म्हणतं, 'आले, आले,' आणि बोलणारा फोन टाकून पळतो. 'ठेवतो' म्हणायचंही भान नसतं त्याला. तेवढ्यावर माझं पोट भरतं."

"आणि कान?"

"तो बंदच होत नाही. घरी भांडं पडलं तरी मी दचकून उठते." तिनं हातातला खडू खाली ठेवला. "भांडारात पाठवू नका. पण वाईट फोननंतर मला खुर्चीवरून उठू द्या. जरा बाहेर जाऊन आले, तर पुढच्याला धड आवाज तरी ऐकू येईल."

"ड्यूटीच्या तक्त्यात बसत नाही हो ते. माणसं कमी."

ताईनं एक कोरा कागद त्यांच्यापुढं सरकवला. "तुमचं चित्र राहिलंय, साहेब."

आजूबाजूचे हात थांबले. साहेबांनी बाईंकडं पाहिलं. बाईंनी नुसती खुर्ची पुढं ओढली. ते अवघडून बसले आणि सवयीनं तक्त्याच्या चौकटीच काढू लागले. आडव्या, उभ्या, काळ्या, एकमेकींत घुसलेल्या. कागद भरत आला तसा त्यांचा हात मंदावला. मग त्यांनी ढिगातून पिवळा खडू शोधला, कडेला एक छोटी चौकट आखली आणि ती तशीच मोकळी ठेवली.

"ही कशाची?" बाईंनी विचारलं.

"उठायची," साहेब म्हणाले.

ताई त्यांच्या खांद्यावरून बघत होती.

"जरा मोठी काढा," ती म्हणाली. "सगळे मावले पाहिजेत."