चार वाणांची ज्वारी

"हे आकडे तू घरी बसून लिहिलेस," अर्जुनराव म्हणाले.

बशीर काट्याजवळ उभा होता. धान्य तोलायला शेतकी खात्याने नेमलेला माणूस. "न्हाई साहेब. एकेक रास तोलली, मगच लिवली."

अर्जुनराव त्याच खात्यात अधिकारी. कोरेगावजवळच्या घरच्या सामाईक रानात त्यांनी चार वाणांची ज्वारी पेरली होती. एकेका वाणाला अनेक पट्टे. कुठल्या पट्ट्यात कुठला वाण, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं, म्हणजे चांगली माती एकाच्याच वाट्याला नको. आता निकाल पुण्याला पाठवायचा होता आणि चारही वाण सारखेच उतरले होते.

तेही त्यांनी कसंबसं गिळलं असतं. पण व्हेरिअन्सचं गणित मांडलं आणि त्यांचं डोकंच फिरलं. वाणावाणांतला फरक खरा की नुसता योगायोग, हे ठरवायला आधी एकाच वाणाच्या पट्ट्यापट्ट्यांतला फरक बघावा लागतो. बांधाकडचं पीक जरा जास्त, मुरमाडातलं जरा कमी, हे व्हायचंच. इथे तोही फरक जवळजवळ नव्हता. इतकं सारखं पीक देवालाही जमलं नसतं.

"जमीन असं पिकवत नाही, बशीर. उद्यापासून येऊ नकोस. वर कळवतो मी."

बशीरचा चेहरा पडला. खात्यातून खोटारडा म्हणून काढलेल्याला तालुक्यात कोण उभं करणार? "अल्लाची आन साहेब, मी खोटं लिवलं न्हाई."

"मग कुणी केलं हे?"

दारात बनुबाई उभी होती. कापणी-मळणीच्या बायांची ती म्होरकी. बोलावं की बोलू नये, असं तिचं मघापासून चाललं होतं.

"आवं साहेब, त्याला कशापायी काढताय? राशी मीच सारख्या केल्या. जास्तीतलं कमीत घातलं."

अर्जुनराव ताडकन उठले. "कुणी शिकवलं तुला हे?"

"कुनी न्हाई. तुमी भाऊ चौघं, ज्वारी चार तऱ्हंची. दोऱ्या लावून पट्टं पाडलं, चिठ्ठ्या टाकल्या. आमच्याकडं वाटणी अशीच हुती. तवाच म्हनलं, तुमच्या घरात बी वाटणी निघाली."

"अगं बाई, तो प्रयोग होता!"

बनुबाईला ते कळलं नाही. तिचे डोळे भरून आले होते.

"माझ्या दोन ल्योकांच्या राशी मी हाय तशा ठिवल्या हुत्या, साहेब. धाकट्याची कमी भरली. त्यो आता येरवड्याला हाय, आन् थोरला मातीत."