डाव्या अंगाचा उजेड

"वहिनी, गॅरेजमधी दिवा वर लावत्यात. भुईला खेटून कोण लावतंय व्हय?" परशराम वायरमन शिडीवरूनच हसला.

रूपाली हसली नाही. गाडीच्या डाव्या अंगाला, चाकाच्या उंचीवर, तिनं भिंतीला बोट टेकवलं. "हितं पायजे मला. हितं उजेड पोचत न्हाय."

"हितं काय पोथी वाचायची हाय? वर वीस वॉटची ट्यूब मारतो की. झक्क उजेड पडंल, सुई पडली तर घावंल."

"त्यो गाडीच्या टपावर पडंल. ह्या अंगाला सावलीच ऱ्हाणार."

परशरामनं 'काय बाई तरी' अशी मान हलवली. आता त्याला काय कप्पाळ सांगणार ती!

गेल्या आवसेला सासऱ्यांनी नेहमीसारखी चारी चाकांपुढं लिंबं ठेवली, गाडीला उदबत्ती ओवाळली आणि आत बसून चावी फिरवली. डावीकडचं मागचं लिंबू घरंगळलं होतं. चार वर्षांची आरोही चाक आणि भिंतीच्या मधे उकिडवी बसून ते पुन्हा चाकापुढं सरकवत होती. रूपालीनं स्वयंपाकघराच्या दारातनं बघितलं. ओरडायला तोंड उघडलं, तर घशातनं आवाजच फुटेना. चाक फिरलं, लिंबू फुटलं, गाडी निघून गेली. "आई, फच्चकन फुटलं!" म्हणत पोरगी टाळ्या वाजवत आली. तिच्या बोटांना लिंबाच्या बिया चिकटल्या होत्या.

तेव्हापासून रूपालीच्या जिवात जीव नव्हता. गाडी चालू झाल्याचा आवाज आला की हातातलं टाकून ती आधी पोरीला धरायला धावायची. बोलली मात्र कुणाशी नाही. नवरा बेळगावात नोकरीला. त्याला कळलं तर तो बापावर तुटून पडला असता. आणि सासरे? भरमाआप्पांनी अख्खी हयात संकेश्वरकडं साखर कारखान्याची जीप चालवलेली. गाडीला कधी ओरखडा म्हणून न्हाय, हे निपाणीत भेटेल त्याला सांगणारा माणूस. नातीवर तर त्यांचा जीव की प्राण. ऐकून त्यांनी हायच खाल्ली असती.

आज परत आवस होती. दिवेलागणीच्या आधीच रूपालीनं आरोहीला शेजारच्या बाळाबाईकडं नेऊन बसवलं होतं. पण अशी किती दिवस बसवणार? पोरीला शाळेला नेणारी गाडी हीच, आणि नेणारा आज्जाही हाच.

"काय चाललंय रं?" भरमाआप्पा बाजारातनं आले. हातात लिंबांची पिशवी होती.

"बघा की आप्पा, वहिनीस्नी भुईजवळ दिवा पायजे म्हणं! कशाला म्हटलं तर सांगंनात."

"कशाला गं?"

"लिंबं... लिंबं दिसत न्हाईत, मामंजी."

म्हातारा तिच्याकडं बघत राहिला. मग परशरामकडं वळून म्हणाला, "आधी वरचा लाव."

झालं! आता उगाच जास्त बोलून संशय कशाला वाढवायचा, म्हणून ती शिडीपासून बाजूला सरली. परशरामनं वरची ट्यूब जोडली, बटण दाबलं. गाडीचा टप लख्ख चमकला. "बघा, म्हटलं न्हवतं?" तो ऐटीत म्हणाला.

भरमाआप्पांनी पिशवी खाली ठेवली. गुडघे धरत ते गाडीच्या डाव्या अंगाला गेले, मागचं चाक आणि भिंतीच्या मधे उकिडवे बसले आणि उजवा हात चाकापुढं नेऊन भुईवर ठेवला.

आरोही अशीच बसली होती. नेमक्या त्याच जागी, तसाच हात घालून.

"रूपाली, गाडीत बस. डाव्या आरशात बघ."

ती बसली. गाडी बंद होती, चावी आप्पांच्या खिशात होती, तरी स्टिअरिंगला हात लावायचं तिला भ्या वाटत होतं. आरशात नुसता काळोख दिसत होता.

"दिसतोय का मी?"

"न्हाय, मामंजी."

"नीट बघ."

"न्हाय दिसत."

"परशराम," म्हाताऱ्याचा आवाज खोल गेला होता, "ही दाखवती तितं लाव."

शिडीवरून उतरून परशरामनं दुसरी ट्यूब रूपालीनं दाखवलेल्या जागी भिंतीला धरली आणि वायर जोडली.

उजेड पडला. आरशात अख्खा म्हातारा दिसला. दुमडलेले गुडघे, पिकलेलं डोकं, चाकापुढचा हात.

"आता?"

"दिसताय. समदं दिसतंय." तिला रडू आवरेना. "हात काढा, मामंजी. आधी हात काढा तितनं."

त्यांनी हात काढला नाही.

"मला त्या दिशी न्हाय दिसली गं ती," ते म्हणाले. "गाडी पुढं गेल्यावर दिसली."