उरलंसुरलं

डॉक्टरांनी बजावलं होतं, “तिखटमिठाचं उरलंसुरलं बंद, नाहीतर कुत्रा हातचा जाईल.” म्हणून सुनेने आज घरच्यांच्या स्वयंपाकाआधी भुंग्याचं पातेलं गॅसवर चढवलं. कोंबडी, कलेजी, गाजर, भोपळा. मिठाचा कणही नाही. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. “कुत्र्याला ताजं? लोक तोंडात शेण घालतील! उरलंसुरलं खाऊन कुणी मरत नाही.” “मरायला टेकला होता तो,” सून म्हणाली. नवरा मोबाइलमधून डोकं वर न काढता हसला. “मग आता उरलेलं कोण खाणार?” तिचा हात पळीवर थांबला. या घरात उरलंसुरलं खाणारे दोघंच होते. त्यातल्या एकाला डॉक्टर भेटला होता. घरचं जेवण तयार होताच तिने निवलेलं पातेलं भुंग्यापुढे ठेवलं, स्वतःचं ताट वाढलं आणि ऐसपैस जेवायला बसली. “अगं, आमची जेवणं व्हायचीत!” नवरा गडबडला. “उरेल की,” ती म्हणाली.