ओपलची साक्ष

"ओपल, भांडं आणलंय तुझं!" ग्लेना जाळीच्या दाराबाहेरूनच ओरडली आणि कोपराने दार ढकलून आत आली. हातात ओपलचं काचेचं भांडं. रिकामं परत करायचं नसतं, म्हणून त्यात सकाळी भाजलेला मक्याचा पाव.

ओपल इस्त्री करत होती. तिने घड्याळाकडे बघितलं.

"आजच आणायचं होतंस?"

"का? आज काय आहे?"

"नाटकं करू नकोस. चार्ल्सटनची बाई आज फोन करणार आहे मला."

ग्लेनाला माहीत होतं. राज्याच्या ऑफिसात तिच्या तक्रारीची चौकशी करणाऱ्या त्या बाईने तिलाच आधी विचारलं होतं. तुम्ही म्हणता वय बघून कामावरून काढलं, नर्सिंग होम म्हणतं काम नीट नव्हतं. मॅनेजर तसं बोलला, ते ऐकणारं कुणी होतं का? ग्लेनाने एकच नाव दिलं. मॅनेजर क्रेग तिला ते बोलला तेव्हा तिथली स्वयंपाकीण, म्हणजे ओपल, हातभर अंतरावर बटाटे कुस्करत होती.

ग्लेना गुडघा धरून खुर्चीत बसली.

"दमले गं. कागद पाठव, फोन कर, परत तेच कागद पाठव. वकील म्हणतो अजून वर्ष जाईल."

"वजन काही उतरलं नाही तुझं."

"कसं उतरणार? तुम्ही सगळ्यांनी झाकलेली भांडी आणून आणून फ्रीज भरलात माझा. कुणी गेल्यावर आणतात तसं. मी आपली दारात उभी राहून सांगतेय, बायांनो, अजून आहे मी."

ओपल फिस्सकन हसली. ग्लेनापण हसली.

"खाऊ घालायला सगळ्या आल्या," ग्लेना म्हणाली. "बोलायला एकही येईना."

ओपलने इस्त्री उभी ठेवली. तेव्हा कुठे ग्लेनाचं फळीवरच्या कपड्याकडे लक्ष गेलं. सेविकांचा जांभळा अंगरखा. खिशावर नर्सिंग होमचं नाव. नोकरी गेली तेव्हा ग्लेनाने स्वतःचा असाच धुऊन, घडी घालून परत केला होता. स्वयंपाकघरातल्यांचा पांढरा असतो.

"हा कुणाचा?"

ओपल बाहीची सुरकुती हाताने सरळ करत राहिली.

"ओपल. कुणाचा आहे?"

"टेसाचा." टेसा म्हणजे ओपलची नात. "सोमवारपासून जाते."

"सकाळच्या पाळीला?"

"हं."

"माझ्या."

"मी मागायला नव्हते गेले गं. क्रेगनेच विचारलं, घरात कुणी तरणंताठं आहे का म्हणून. तिच्या पोराचा दमा तुला माहितीये. आता नोकरीबरोबर विमा मिळणार. मी काय सांगायचं होतं तिला, जाऊ नकोस?"

ग्लेनाला रागवायचं होतं. जमलं नाही. टेसाला तिने शाळेच्या बसमध्ये बसवून दिलं होतं कितीदा.

"नको सांगूस," ती म्हणाली. "पण तो काय म्हणाला ते आठवतंय ना?"

"न आठवायला काय झालं? म्हाताऱ्यांची सेवा म्हाताऱ्यांनी करायची म्हणजे कमालच आहे, घरी जा आणि विणकाम कर." ओपल हे क्रेगच्याच सुरात म्हणाली, नाकातून. "बटाट्याचं पातेलं डोक्यावर ओतावंसं वाटलं होतं मला."

"तेवढंच सांग. पातेल्याचं नको सांगूस."

फोन वाजला.

दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या. ग्लेना उठायला लागली. "मी बाहेर थांबते."

"बस तू," ओपल म्हणाली आणि फोन उचलला.

"हो, मीच ओपल... हो, ओळखते, पुष्कळ वर्षं... कामाला? चांगली होती. म्हातारे तिचीच वाट बघायचे." ग्लेनाने डोळे मिटले. "त्या दिवशी? हो, होते ना मी तिथे."

पुढचा प्रश्न ऐकताना ओपल अंगरख्याकडे वळली. तिचा हात फळीवरच्या कॉलरवर होता.

"बोलत होते खरं दोघं. पण काय बोलले ते... काय सांगू बाई, माझंही वय झालंय आता. कान गेलेत. शेजारी उभं राहून कुणी बोललं तरी अर्धं कळत नाही मला... हो... हो, लिहा तसंच."

तिने फोन ठेवला. ओट्याशी जाऊन भांड्यावरचं झाकण काढलं, सुरी घेतली.

"खाशील ना तुकडा? लोणी आहे."

"नको."

ग्लेनाने पर्स खांद्याला लावली. दारापर्यंत गेली. ओपलची पाठ होती तिच्याकडे. ग्लेना अगदी हळू बोलली, बाहेर रस्ता निसरडा आहे असं सांगावं तसं.

"ती बाई सगळं लिहून घेते, ओपल. वय झालं, कान गेले, तेही. त्याची एक प्रत क्रेगला जाते."

सुरी पावात अर्ध्यावर थांबली.

"काय म्हणालीस?" ओपलने विचारलं.

पुन्हा सांगावं का, असं ग्लेनाला क्षणभर वाटलं. मग ती पायऱ्या उतरायला लागली. एकेक, कठडा धरून.